स्विचची किल्ली कुणाकडे?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

महोदय,


नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जुलै लागला की चहाच्या गाड्यावर, केएमटीच्या बसमध्ये, भाजी मंडईत एकच चौकशी असते, ‘राजाराम बंधाऱ्यावर किती झालं?’ २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये हा आकडा ५५ फुटांच्या पुढे गेला. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली, आणि चहूकडं पाणी असताना शहराच्या नळाला पाणी नव्हतं. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या अध्यक्षतेखाली जी तयारीची बैठक होते, तिच्याकडं अख्ख्या जिल्ह्याचं लक्ष असतं. बोटी, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रं, औषधं, धान्य, जनरेटरचं डिझेल, सगळ्याची तिथं उजळणी होते. त्या यादीत एक लहानशी वस्तू वाढवावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. ती वस्तू म्हणजे प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवरच्या पेटीत बसवलेला नेटवर्क स्विच.

मी गेली एकोणीस वर्षं या शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत नेटवर्कची कामं करतो. फाउंड्र्या, पतसंस्था, दवाखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या, सगळीकडच्या पेट्या उघडून पाहिल्या आहेत. स्विच म्हणजे एक चपटा लोखंडी डबा. पुढच्या बाजूला चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खाचा, प्रत्येक खाचेवर लुकलुकणारा हिरवा दिवा. कार्यालयातला प्रत्येक संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा, हजेरीचं यंत्र, सगळ्यांच्या वायरी इथं येऊन मिळतात. इंटरनेट राउटरमधून घरात येतं हे खरं, पण घरातल्या कुठल्या खोलीत काय पोचायचं आणि काय नाही, हे स्विच ठरवतो. १९९० साली असा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव ‘कल्पना’ होतं. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या संस्थापकानं पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. पुढं १९९४मध्ये सिस्कोनं ती विकत घेतली. आज तहसील कचेरीत दाखला निघतो, दवाखान्यात केसपेपर निघतो, चौकातला कॅमेरा पोलिसांना दिसतो, ते सगळं अशाच एखाद्या डब्यातून जातं.

आता मला हे पत्र लिहायला लावणारा प्रसंग सांगतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण अशीच स्थिती मी किमान डझनभर ठिकाणी पाहिली आहे.

महापूर ओसरून दोन-तीन दिवस झाले होते. तळमजल्यावर गुडघाभर गाळ. कर्मचाऱ्यांनी पाणी चढायच्या आत संगणक डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेऊन वाचवले होते. फार मोठं काम केलं होतं त्यांनी. वीज आली, वरच्या सभागृहात टेबलं मांडली, संगणक लावले. वरचा स्विच कोरडा होता, ठणठणीत होता. पण एकाही संगणकाला नेटवर्क मिळेना. मला बोलावलं गेलं. पाहिलं तर त्या मजल्यावरच्या निम्म्या खाचा कॅमेऱ्यांसाठी वेगळ्या वाटून ठेवलेल्या होत्या आणि उरलेल्या बंद करून ठेवल्या होत्या. ज्यानं कुणी हे केलं होतं त्यानं अगदी बरोबर केलं होतं. आता फक्त स्विचमध्ये शिरून आठ खाचा कार्यालयाच्या वाटणीला लावायच्या होत्या. दहा मिनिटांचं काम.

मी पासवर्ड विचारला. मोठ्या साहेबांनी लिपिकाकडं पाहिलं, लिपिकानं शिपाईमामांकडं. मामा म्हणाले, “पेटीची किल्ली माझ्याकडं हाय बघा. पासवर्ड त्या पोराकडं हुता, ज्यानं बसवलं त्याच्याकडं. ते गेलं पुण्याला.” त्या पोराचा नंबर लागेना. ज्या ठेकेदाराकडं तो होता, त्यानं धंदा गुंडाळलेला. मग दुसरा प्रश्न उभा राहिला. पासवर्ड मोडून आत जायचं तर लेखी परवानगी हवी. दुसऱ्याच्या मालकीचं कुलूपबंद यंत्र तोंडी सांगण्यावरून उघडणं मला मान्य नव्हतं, आजही नाही. पण परवानगी देणार कोण? स्विच ज्या योजनेतून आला होता, ती योजना वरच्या कार्यालयाची होती. यात दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात खाली, गाळ बाजूला सारलेल्या वाटेवर, पूरग्रस्तांच्या यादीत आपलं नाव चढलं का हे विचारायला आलेली माणसं उभी होती. एक आजी पायाला चिखल लागलेल्या तशाच, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोन वेळा येऊन गेल्या.

परवानगी आली तेव्हा मी पेटीसमोर स्टूल घेऊन बसलो. निळी चपटी केबल काढली, तिचं एक टोक स्विचच्या कन्सोल पोर्टमध्ये आणि दुसरं लॅपटॉपमध्ये. पुट्टी नावाचा प्रोग्रॅम उघडून वेग ९६०० ठेवला. स्विचची वीज काढली, समोरचं ‘मोड’ नावाचं बारकं बटण दाबून धरलं आणि वीज पुन्हा दिली. बटण थोडा वेळ तसंच धरून ठेवलं की स्विच नेहमीसारखा उठत नाही, अर्धवट जागा होऊन थांबतो. मग त्याच्या पोटातली सेटिंगची फाइल दुसऱ्या नावानं बाजूला ठेवायची, त्याला कोऱ्या पाटीनं उठवायचं, आत शिरल्यावर ती फाइल परत लावायची आणि नवा पासवर्ड घालून सगळं जतन करायचं. अर्ध्या तासात नेटवर्क सुरू झालं. पण ती फाइल बिघडलेली निघाली असती, किंवा बसवणाऱ्यानं पासवर्ड परत मिळवायची ही सोय बंद करून ठेवली असती, तर त्या इमारतीचं सगळं नेटवर्क पहिल्यापासून मांडावं लागलं असतं. कारण त्या फाइलची दुसरी प्रत जगात कुठंच नव्हती.

महोदय, आपण जिल्ह्याच्या महसूल यंत्रणेचे प्रमुख आहात, म्हणून हे आपल्याला चटकन पटेल. स्विचमधली सेटिंग म्हणजे त्या इमारतीच्या नेटवर्कचा सातबारा आहे. कुठली खाच कुणाच्या वाटणीला, कुणाला कुठं जायची मुभा, कोण कुणाच्या हद्दीत शिरू शकत नाही, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि त्यात फेरफारही होतात. स्विचमध्ये चालू असलेली सेटिंग वेगळी आणि जतन केलेली वेगळी. तंत्रज्ञ बदल करतो, ते लगेच लागू होतात, काम सुरू होतं, तो निघून जातो. जतन करायची एक आज्ञा द्यायला विसरला तर तो फेरफार नोंदवलेला नसतो. पुढच्या वेळी वीज गेली की स्विच जुन्या नोंदीवर उठतो आणि कुणाला कळत नाही की काल चालणारं आज का बंद पडलं. आपल्याकडं पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे मी सांगायला नको. जून-जुलैमध्ये ‘लाइट आली पण नेट आलं नाही’ असे जे फोन मला येतात, त्यातले बरेच या एका विसरलेल्या आज्ञेचे असतात.

जमिनीचा सातबारा एखाद्या मोजणीदाराच्या खिशात असलेला आपण चालवून घेणार नाही. मग नेटवर्कचा कसा चालतो?

स्विचपर्यंत पोचायच्या वाटा फार नाहीत, आणि प्रत्येक कार्यालयप्रमुखाला त्या ढोबळमानानं तरी माहीत असाव्यात असं मला वाटतं. पहिली वाट ही वर सांगितली ती, कन्सोलची. डब्याजवळ जाऊन, केबल लावून. नेटवर्क पूर्ण बंद असलं, आयपी ॲड्रेस चुकला, कुणी चुकीची आज्ञा दिली, तरी ही वाट शाबूत राहते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते, ते आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं कंपनीची केंद्रं एकमेकांपासून तुटली. लांबून आत शिरायच्या नेहमीच्या वाटा तर बंद झाल्याच, अडीअडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालेना. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत पाठवावं लागलं, आणि तिथल्या कडेकोट बंदोबस्तातून आत जाण्यातही वेळ गेला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे करावं लागलं, ते पुराच्या काळात आपल्या एखाद्या तालुक्याच्या कचेरीत करावं लागणारच. त्यासाठी लागणारी केबल काही शे रुपयांना मिळते. ती पेटीच्या आतच बांधून ठेवावी, सोबत वेग किती ठेवायचा याची चिठ्ठी डकवावी. नव्या लॅपटॉपला जुना नऊ खिळ्यांचा पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीची जोडणी असलेलीच केबल घ्यावी आणि ती त्या कार्यालयाच्या लॅपटॉपवर चालते का हे एकदा उन्हाळ्यातच लावून बघावं. मुसळधार पावसात केबलचा ड्रायव्हर शोधायची वेळ मी अनुभवली आहे, इंटरनेट नसताना.

मात्र कन्सोलपर्यंत जो पोचला तो त्या स्विचचा मालक झाला, हेही तितकंच खरं. मी परवानगी घेऊन जे अर्ध्या तासात केलं, ते वाईट हेतूनं येणारा माणूसही करू शकतो. म्हणून पेटीला कुलूप हवं. जिन्याखाली, उघड्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी टांगलेले स्विच मी पाहिले आहेत. तळमजल्यावर गुडघ्याच्या उंचीला बसवलेलेही, आणि तेही शाहूपुरी, लक्ष्मीपुरीसारख्या भागात, जिथं २००५, २०१९ आणि २०२१ला पाणी कुठवर आलं याच्या खुणा लोकांनी भिंतींवर जपल्या आहेत. त्या खुणेच्या वर हातभर, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ यंत्रं वाचतील.

दुसरी वाट लांबून, नेटवर्कवरूनच शिरायची. रोजच्या कामाला हीच सोयीची. इथं दोन दरवाजे आहेत, एक जुना आणि एक नवा, आणि आपल्याकडं अजून जुनाच वापरला जातो, याचं मला वाईट वाटतं. जुन्याचं नाव टेलनेट. त्यावरून आपण जे टाइप करतो ते जसंच्या तसं वायरीतून जातं, पासवर्डसकट. गंगावेशीत उभं राहून पलीकडच्या माणसाला तिजोरीचा आकडा ओरडून सांगावा तसं. मधल्या कुणीही ऐकावं. १९९५मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असंच कुणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्या तातू युल्योनेन या संशोधकानं सगळं बोलणं गुप्त लिपीत नेणारा दरवाजा तयार केला. तो एसएसएच. त्याला तीसेक वर्षं झाली. २०१७मध्ये सिस्कोच्या ३१८ प्रकारच्या स्विचमध्ये एक भगदाड उघड झालं, ज्यातून टेलनेट चालू असलेल्या स्विचचा पासवर्ड माहीत नसतानाही ताबा घेता येत होता. दुरुस्ती यायला काही आठवडे लागले, तोवर कंपनीचा सल्ला एकच होता, टेलनेट बंद ठेवा. तरीही मी विचारतो तेव्हा उत्तर येतं, ‘चालतंय की!’ चालतंय खरं. पण एसएसएच सुरू करून टेलनेट बंद करायला स्विचमध्ये पाच-सहा ओळी लिहाव्या लागतात आणि एक पैसा लागत नाही. आपण एका परिपत्रकानं हे करून घेऊ शकता.

ब्राउझरमधून शिरायचीही सोय असते. काही जाणकार तिला नाकं मुरडतात, मी नाही. ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची सवय नसलेल्या माणसाला ही खिडकी फार उपयोगाची आहे. खाचांचं चित्र दिसतं, कुठली चालू कुठली बंद ते रंगावरून कळतं. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके आणि हजारावर ग्रामपंचायती आहेत. २०११मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या आणि पुढं भारतनेट या नावानं ओळखल्या गेलेल्या योजनेतून गावोगावी फायबर पोचवायचं काम चाललं आहे. त्या गावांत तंत्रज्ञ रोज जाणार नाही. तिथल्या माणसाला ही खिडकी उघडून बघता आलीच पाहिजे. फक्त ती कुलूपबंद पत्त्यावरून, म्हणजे एचटीटीपीएसवरून उघडावी, आणि कारखान्यातून आलेलं ‘ॲडमिन’ हे नाव आणि ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. हल्ली क्लाउडवरून, मोबाइलवरून चालवता येणारे स्विचही मिळतात. चांगले आहेत. पण घेताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. इंटरनेट तुटल्यावर जागेवरून काय काय करता येतं? आणि वर्षाची फी भरायची राहिली तर काय बंद होतं? शिवाय ते खातं कुणाच्या ई-मेलवर उघडलं आहे ते बघावं. एका संस्थेत मला ते बसवणाऱ्या पोराच्या खाजगी जीमेलवर सापडलं होतं. तो पोरगा प्रामाणिक होता, त्यानं लगेच नावावर करून दिलं. प्रत्येक वेळी तसं होईल असं नाही.

एका वाटेबद्दल मात्र मला आपल्याशी जास्त बोलायचं आहे, कारण ती आपल्या नियंत्रण कक्षाच्या थेट उपयोगाची आहे. एसएनएमपी नावाची एक पद्धत आहे. तिच्यातून स्विच स्वतःची खबर देतो. किती वेळ चालू आहे, तापला आहे का, कुठल्या खाचेवरची जोडणी तुटली. पुराच्या रात्री नियंत्रण कक्षात एका पडद्यावर बाराही तहसील कचेऱ्यांचे, ग्रामीण रुग्णालयांचे, पोलीस ठाण्यांचे स्विच दिसत असतील, तर शिरोळ गप्प झालं, गगनबावडा अजून बोलतंय, हे फोन लागायची वाट न बघता कळेल. हे करायला मोफत मिळणारी प्रणाली आहे आणि एक साधा संगणक पुरतो. अट एवढीच की जुन्या आवृत्तीवर चालवू नये. जुन्यात ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ हे परवलीचे शब्द पुष्कळ यंत्रांवर जसेच्या तसे राहिलेले असतात. पहिल्यानं वाचता येतं, दुसऱ्यानं बदलताही येतं. तिसरी आवृत्ती वापरावी, तीत नाव, पासवर्ड आणि गुप्त लिपी तिन्ही आहेत.

या सगळ्या वाटांवर कुणी यावं, हे ठरवणंही स्विचलाच सांगता येतं. व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, करायचा आणि तिथं ठरावीक दोन-तीन संगणकांनाच प्रवेश ठेवायचा. मग अभ्यागतांच्या वायफायवरून किंवा एखाद्या टेबलावरच्या संसर्ग झालेल्या संगणकावरून स्विचचा दरवाजा दिसतच नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस केसपेपर हातानं लिहावे लागले. संसदेत सरकारनं दिलेल्या उत्तरात नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, हे कारण नोंदवलेलं आहे. ही विभागणी स्विचमध्येच होते. आपल्या सीपीआरसारख्या रुग्णालयात रोज किती गोरगरीब येतात, हे आठवलं की मला या एका वाक्याची फार काळजी वाटते.

न वापरलेल्या खाचा बंद ठेवणं हाही त्यातलाच भाग. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव आपल्या मातीनं अख्ख्या महाराष्ट्राला दिलं. त्यात पावसाळा संपला की बरगे घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे, हे वेळच्या वेळी झालं नाही तर काय होतं ते नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारावं. स्विचच्या रिकाम्या खाचांनाही असेच बरगे घालायचे असतात. वापरात नाही ती बंद. लागेल तेव्हा उघडायची, आणि कुणी, कधी उघडली याची नोंद ठेवायची. उघड्या ठेवलेल्या खाचांमध्ये कुणीतरी चांगल्या मनानं वायरीची दोन्ही टोकं घुसवतं आणि अख्ख्या इमारतीचं नेटवर्क स्वतःच्याच आवाजात बुडून जातं. मी एका शाळेत ते सहा तास शोधत होतो. साधा, सेटिंग नसलेला स्विच होता, आत शिरून विचारायची सोयच नव्हती, एकेक वायर उपसून पाहावी लागली.

आणि नोंद म्हटलं की घड्याळ आलं. अनेक ठिकाणी मी स्विचला तारीख विचारली की तो १ मार्च १९९३च्या पुढच्या काही दिवसांतली तारीख सांगतो. सिस्कोच्या बऱ्याच स्विचांचं घड्याळ कुणी लावलंच नाही तर दर वेळी तिथूनच सुरू होतं. अशा स्विचमधल्या नोंदी चौकशीत काय उपयोगाच्या? सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत यंत्रांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवणं, नोंदी १८० दिवस जपणं आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं आहे. शासकीय कार्यालयंही त्यात येतात. घड्याळ जुळवायला स्विचमध्ये एक-दोन ओळी लागतात. त्याबरोबर प्रत्येक माणसाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्यायला हवा. पाच जण मिळून एकच ‘ॲडमिन’ वापरत असतील तर नोंदीत पाचही वेळा ‘ॲडमिन’ एवढंच उमटतं, आणि संशय मग सगळ्यांत धाकट्या, कंत्राटी पोरावर जातो. हे मी घडताना पाहिलं आहे आणि ते मला अजून सलतं.

कुणी म्हणेल, आमच्या छोट्या कचेरीत कोण शिरणार? २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून ९४ कोटी रुपये लंपास झाले. त्या बातम्यांतला ‘स्विच’ वेगळा होता, ती पैशांचे व्यवहार वळवणारी प्रणाली होती, भिंतीवरचा डबा नव्हे. पण बनावट कार्डांनी पैसे काढले गेले त्या शहरांत कोल्हापूरही होतं. दूरदेशी बसलेल्या टोळीचे हात आपल्या चौकातल्या एटीएमपर्यंत पोचले होते.

माझं मागणं खर्चाचं नाही. जूनच्या आत प्रत्येक कार्यालयातल्या स्विचची नोंद व्हावी. कुठं आहे, किती उंचीवर आहे, कुणी बसवला, देखभालीचा करार कधी संपतो. सेटिंगची प्रत काढून घ्यावी. ती काही पानांची साधी मजकूर-फाइल असते. एक प्रत संगणकावर आणि एक कागदावर, कारण पुरात कागद वरच्या मजल्यावर नेता येतो आणि विजेशिवाय वाचता येतो. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, सीलवर कार्यालयप्रमुखाची सही घेऊन, उपकोषागारात किंवा आपल्या अभिलेख कक्षात ठेवावा. पाकीट फोडलं तर कुणी, का फोडलं ते लिहावं आणि पासवर्ड बदलून नवं पाकीट करावं. पुढच्या निविदांमध्ये एक अट घालावी, की पासवर्ड, सेटिंगची प्रत आणि खाचांचा नकाशा कार्यालयाच्या ताब्यात दिल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही.

यात ठेकेदारांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. त्यांच्याकडं काम करणारी पोरं आपलीच आहेत. दहा-बारा हजारांत रात्री-अपरात्री उचगाव ते राधानगरी दुचाकीवर फिरतात. पासवर्ड त्यांच्याकडं राहतो, कारण मागणारं कुणी नसतं. म्हणून प्रत्येक कार्यालयातल्या एका कायम कर्मचाऱ्याला एवढं शिकवावं, की केबल कशी लावायची, खाच कशी उघडायची-बंद करायची, जतन कसं करायचं आणि प्रत कशी काढायची. एका दिवसाचं प्रशिक्षण पुरेसं आहे. नोंदीच्या कामाला शासकीय तंत्रनिकेतनातली मुलं शिक्षकांबरोबर पाठवता येतील. त्यांना हातानं काम शिकायला मिळेल आणि कार्यालयांना त्यांचा सातबारा.

महोदय, २०१९मध्ये आणि २०२१मध्ये लोकांनी गुळाच्या काहिलीतून, ट्रॅक्टरमधून, मिळेल त्या साधनानं एकमेकांना बाहेर काढलं. माणसं वाचवण्यात हे शहर कधी मागं नव्हतं. पण पाणी ओसरल्यावर त्याच माणसांना मदत मिळायला एका पासवर्डसाठी दीड दिवस थांबावं लागलं. त्या आजी तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा त्यांचं नाव यादीत चढलं, मी तिथंच होतो. पुढच्या वेळी पहिल्याच खेपेला चढावं.

मान्सून साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडं पोचतो. त्याआधीच्या बैठकीत प्रशिक्षण ठेवायचं ठरलं तर मी माझी केबल आणि एक जुना स्विच घेऊन येईन, त्याचं मानधन नको. बैठकीच्या विषयपत्रिकेत फक्त एक ओळ वाढवावी: ‘कार्यालयातील नेटवर्क स्विचचा पासवर्ड, सेटिंगची प्रत आणि कन्सोल केबल कार्यालयाच्या ताब्यात आहे काय? असल्यास कोणाकडे, नसल्यास कोणत्या तारखेपर्यंत?’

आपला विश्वासू,
एक नेटवर्क तंत्रज्ञ
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर